कल्लाप्पाचं मनगट

कल्लाप्पा १९५५ साली अथणीहून बंगळूरला आला, तेव्हा त्याच्याबरोबर त्याची बायको विठाबाई होती, एक पत्र्याची पेटी होती आणि पेटीत वडिलांच्या आऱ्या होत्या. घरचा धंदा चपलांचा. पण पाच भावांना पुरेल एवढं काम गावात उरलं नव्हतं. यशवंतपूरला विठाबाईचा मामा रेल्वेत होता. त्यानं स्टेशनमागं एक खोली बघून दिली आणि एका वैद्यकीय कॉलेजात शिपायाची जागा रिकामी आहे म्हणून सांगितलं.

ती जागा नेहमीच रिकामी असायची. शरीररचना विभागात मुलांनी बेवारस मुडदे चिरून अभ्यास संपवला, की उरलेल्या हाडांचं काम शिपायाकडं यायचं. हाडं टाकीत आठवडेच्या आठवडे भिजत घालायची, मऊ पडलेलं मांस ब्रशनं घासून काढायचं, चरबी उतरवायची, उन्हात वाळवायची आणि भोकं पाडून पितळी तारेनं सांगाडा बांधायचा. आधीची माणसं आठ दिवसांत पळून गेली होती. कल्लाप्पा चामडं कमवायच्या कुंडांशेजारी वाढलेला. त्याला त्या वासाचं काही वाटलं नाही. आरी तर हातातलीच होती.

वर्षभरात तो त्या कामात रमला. माणसाच्या अंगात दोनशेसहा हाडं, आणि त्यांतली निम्म्याहून जास्त नुसत्या हातापायांत, हे कळल्यावर घरी येऊन त्यानं विठाबाईची बोटं मोजून दाखवली होती. एकेका हातात सत्तावीस. तो वर्गाच्या दाराशी उभा राहून ऐकायचा. इंग्रजी येत नव्हतं, पण हाडांची नावं कानावर पडून पडून पाठ झाली. जे समजत नसे ते हाड हातात घेऊन समजून घ्यायचा. मांडीचं हाड पोकळ असूनही सगळा भार कसा पेलतं, गळपट्टीचं हाड खांद्याला छातीपासून लांब धरतं म्हणून हात कसा मोकळा फिरतो, कवटीचे तुकडे लहान मूल वाढेल तसे शिवणीसारखे एकमेकांत कसे अडकत जातात. जिभेखाली एक हाड असतं, ते दुसऱ्या कुठल्याच हाडाला जोडलेलं नसतं. सांगाड्यात ते टांगायचं कसं, याचा त्यानं आठ दिवस विचार केला आणि शेवटी केसाएवढ्या बारीक तारेनं टांगलं.

विभागाचे प्रमुख होते डॉ. भगवंतराव. मल्लेश्वरमला घर, तीनशे वर्षांपूर्वी इकडं येऊन राहिलेल्या मराठी घराण्यातले. त्यांच्या एका हुशारीचं मुलांत फार नाव होतं. डोळे मिटून पाठीमागं हात करायचे, कुणीही हातात हाड द्यावं, नुसतं चाचपून ते कुठलं आणि डावं की उजवं ते सांगायचे. मुलं टाळ्या वाजवायची. कल्लाप्पाला त्यांचा अभिमान वाटायचा. सगळ्या विभागात मराठी बोलणारे दोघंच, एक डॉक्टर आणि एक तो. पण डॉक्टर त्याच्याशी कन्नडमध्येच बोलत, तेही दुसऱ्या शिपायामार्फत. त्याच्या हातून हाड घ्यायचं झालं, तर तो ते आधी टेबलावर ठेवी आणि दोन पावलं मागं सरे. मग डॉक्टर उचलत. हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. पहिल्याच आठवड्यात त्याच्या लक्षात आलं होतं.

१९५७ च्या जुलैत टाकीजवळच्या चरबीवरून कल्लाप्पाचा पाय घसरला. हातात हाडांची बादली होती. ती सोडून त्यानं उजवा हात पुढं टेकला आणि सगळं अंग त्या तळहातावर आलं. सूज फार नव्हती. पण अंगठ्याच्या बुडाशी जी खळगी असते, तिथं बोट लावलं की जीव जाई. तो तसाच डॉक्टरांच्या खोलीच्या दाराशी गेला आणि हात पुढं धरला.

भगवंतराव खुर्चीवरून उठले नाहीत. चष्म्यावरून बघितलं आणि पहिल्यांदाच त्याच्याशी मराठीत बोलले.

"स्वल्प मुरगळलंय. तेल लाव. बादली सांडलीय ती आधी आवर."

कल्लाप्पानं सांडलेली हाडं आवरली. हात न लावता, तीन हातांवरून केलेलं निदान त्यानं तेव्हा खरं मानलं. एवढा मोठा डॉक्टर, डोळे मिटून हाड ओळखणारा. विठाबाईनं तेल कोमट करून चोळलं. तिनं एकदा दुसऱ्या दवाखान्यात जाऊ या म्हटलं, तर तो तिच्यावरच चिडला.

दुखणं महिन्यानं कमी झालं, पण जोर परत आला नाही. सहा महिन्यांत त्याला उजव्या हातानं आरी दाबता येईना. ओला कपडा पिळता येईना. रविवारी तो ओळखीच्यांसाठी चपला करायचा, ते बंद झालं. जेवताना भाकरी मोडायलाही डावा हात लागायला लागला. सांगाडे बांधायचं काम अडलं तसे डॉक्टर त्या दुसऱ्या शिपायाजवळ म्हणाले, की हा माणूस आळशी होत चाललाय.

हाताचं नक्की काय झालं, ते त्याला टाकीतल्या एका मुडद्यानं सांगितलं. पुढच्या वर्षी एका हमालाची हाडं धुताना उजव्या मनगटातलं एक हाड दोन तुकड्यांत बाहेर आलं. मनगटात आठ हाडं असतात, चार-चारच्या दोन ओळी. त्यांत अंगठ्याच्या बाजूचं एक हाड नावेच्या आकाराचं. दोन्ही ओळींना ते सांधून धरतं. इंग्रजी नाव स्कॅफॉइड. त्या हमालाचं ते बरोबर मधोमध मोडलेलं होतं. एक तुकडा नेहमीसारखा, दुसरा खडूसारखा मेलेला, कडा झिजलेल्या. कल्लाप्पानं ते तुकडे खिशात ठेवले आणि एका तरुण शिक्षकाला विचारलं. त्यानं समजावून सांगितलं. या हाडाला रक्त बोटांकडच्या टोकातून येतं. मधे मोडलं की कोपराकडचा तुकडा उपाशी मरतो. माणूस हात टेकून पडला की बहुतेक हेच हाड मोडतं, सूज येत नाही, म्हणून अडाणी लोक मुरगळलं समजतात. वेळीच प्लास्टरमध्ये ठेवलं तर जुळतं.

"कसं ओळखायचं?" कल्लाप्पानं विचारलं.

शिक्षकानं त्याला अंगठ्याच्या बुडाची खळगी दाखवली. "इथं बोट दाबायचं. दुखलं तर समजायचं. पहिल्या वर्षाच्या मुलालाही माहीत असतं."

त्या दिवशी कल्लाप्पा कॉलेजापासून घरापर्यंत चालत आला आणि रात्री जेवला नाही. विठाबाईनं विचारलं तेव्हा म्हणाला, "एक बोट लावायचं हुतं त्यानं. एक बोट."

तेव्हापासून त्याच्या डोक्यात दुसरं काही राहिलं नाही. तक्रार कुणाकडं करणार? डॉक्टरांच्या अंगावर जायचं तर नोकरी जाईल, वर तुरुंग. आणि मारून काय, मार आठ दिवसांत बरा होतो. आपलं जे गेलं ते परत येणारं नव्हतं, तर त्यांचंही तसंच काहीतरी जायला हवं होतं. तो त्यांच्याकडं नीट बघायला लागला. वर्षभर बघितल्यावर त्याला हवी ती गोष्ट सापडली. पाठीमागं हात करून डॉक्टर हाडं ओळखत ती मोठी असत. मांडीचं, दंडाचं, फासळी, मणका. मनगटातलं हाड कुणी मुलानं पुढं केलं तर ते हसून विषय बदलत. त्या खड्यांएवढ्या हाडांची डावी-उजवी त्यांना येत नव्हती. विसरले असतील, किंवा कधी शिकलेच नसतील.

१९५९ साली विभागासाठी नवा मोठा सांगाडा बांधायचा हुकूम आला. परीक्षेला बाहेरून येणारे परीक्षक त्यावरच प्रश्न विचारणार होते. कल्लाप्पानं तो डाव्या हातानं बांधला. पाच महिने लागले. असा सांगाडा त्या कॉलेजात आधी झाला नव्हता, सगळे म्हणाले. फक्त त्याच्या दोन्ही मनगटांतली नावेच्या आकाराची हाडं कल्लाप्पानं अदलाबदल करून बसवली होती. उजव्यात डावं, डाव्यात उजवं. त्या हाडाला एक उंचवटा असतो, तो पुढं अंगठ्याच्या बाजूला यायला हवा. इथं तो मागं वळला होता. तारेनं आणि कानशीनं कल्लाप्पानं ते असं दाबून बसवलं, की माहीतगार माणसालाच दिसावं.

भगवंतरावांनी सांगाड्याभोवती एक फेरी मारली आणि "सरी" म्हणाले, म्हणजे ठीक आहे. पाटी लावली गेली. 'डॉ. भगवंतराव यांच्या देखरेखीखाली'.

दोन वर्षं ते त्या सांगाड्यावर शिकवत राहिले. छडी मनगटावर टेकवून आठ हाडांची नावं घडाघडा म्हणत, आणि दाराशी कल्लाप्पा उभा असे. शिकवणं संपलं की तो सांगाडा पुसून कपाटात ठेवी. ते दिवस आयुष्यातले सगळ्यांत चांगले होते, असं त्यानं पुढं विठाबाईला सांगितलं. तो कुणाला काही बोलला नाही, घाईही केली नाही. कुणीतरी मोठा माणूस एक दिवस येईल, सगळ्यांसमोर बोट ठेवील आणि भगवंतरावांना उत्तर देता येणार नाही, एवढीच वाट बघत राहिला. चुकीचं शिकून दोन वर्गांतली मुलं पुढं गेली. त्याचं त्याला काही वाटलं नाही.

वसुमती त्याच वेळी त्या वर्गात होती. चिकपेठेतल्या जुन्या मराठी घरातली मुलगी, वर्गातल्या मोजक्या मुलींपैकी एक. ती संध्याकाळी हाडांच्या खोलीत येऊन बसे. कल्लाप्पा तिला सुटी हाडं काढून देई. एकदा ती बराच वेळ सांगाड्याच्या हातापाशी उभी राहिली.

"कल्लाप्पण्णा," ती म्हणाली, "ह्या मनगटाचं काहीतरी उलटं झालंय का हो? माझ्याकडं जे हाड आहे, त्याच्याशी हे जमत नाही बघा."

कल्लाप्पानं तिच्या तोंडावर सांगितलं, की सांगाडा बरोबर आहे, तुमचं काहीतरी चुकतंय अक्का. ती गेली. त्याला त्या दिवशी पहिल्यांदा जरा अस्वस्थ वाटलं. पण हाड त्यानं बदललं नाही.

१९६१ च्या एप्रिलमध्ये तोंडी परीक्षा झाली. बाहेरचे परीक्षक मद्रासहून आले होते, केस पिकलेले, कमी बोलणारे. त्यांच्या शेजारी भगवंतराव. हाडांचे ट्रे आणून द्यायला कल्लाप्पा. वसुमतीचा नंबर आला तेव्हा मद्रासच्या परीक्षकांनी तिला सांगाड्याजवळ नेलं आणि उजव्या मनगटातली हाडं सांगायला सांगितली. तिनं पहिल्याच हाडावर बोट ठेवलं आणि थांबली. मग म्हणाली, की सर, हे स्कॅफॉइड आहे, पण डाव्या हाताचं आहे. इथं चुकीचं बसलंय.

परीक्षक पुढं वाकायच्या आतच भगवंतराव बोलले. हा सांगाडा माझ्या देखरेखीखाली तयार झालाय, दोन वर्षं मी यावर शिकवतो, आणि या मुलीला साधं मनगट येत नाही, असं काहीतरी ते इंग्रजीत म्हणाले, आणि तिच्या नावापुढं पेन टेकवलं. वसुमतीचा चेहरा पांढरा पडला. पण तिनं बोट काढलं नाही.

कल्लाप्पाला नावं तेवढी कळली. बाकीचं त्यानं चेहऱ्यांवरून ओळखलं. दोन वर्षं ज्या घटकेची वाट बघितली ती आली होती आणि मधे ही पोरगी उभी होती. गप्प बसला असता तर परीक्षकांनी कदाचित स्वतःच बघितलं असतं. कदाचित यजमानाचं मन राखून पुढं गेले असते. त्यानं ट्रे टेबलावर ठेवला, या खेपेला मागं सरला नाही.

"अक्का बरोबर सांगतायत," तो मराठीत म्हणाला. "ते डाव्या हाताचंच हाय. मीच बशिवलंय, मुद्दाम. दोन वर्सं ह्यांना कळलं न्हाई."

मद्रासच्या परीक्षकांनी हा काय म्हणतो, म्हणून भगवंतरावांना विचारलं. भगवंतराव म्हणाले, की शिपाई आहे, डोकं ठिकाणावर नाही. तेवढं कल्लाप्पाला त्यांच्या हातवाऱ्यांवरून कळलं. मग त्यानं उजवं मनगट परीक्षकांच्या पुढं धरलं, दुसऱ्या हाताचं बोट त्या खळगीवर ठेवलं आणि त्याला जेवढं इंग्रजी येत होतं तेवढं बोलला.

"स्कॅफॉइड. फ्रॅक्चर." भगवंतरावांकडं बोट केलं. "स्प्रेन."

म्हातारे परीक्षक आधी सांगाड्याकडं गेले. खिशातून भिंग काढून दोन्ही मनगटं बघितली. मग येऊन त्यांनी कल्लाप्पाचा हात हातात घेतला, खळगीत अंगठा दाबला. कल्लाप्पाचं तोंड वाकडं झालं. त्यांनी वसुमतीला विचारलं आणि तिनं सगळं इंग्रजीत सांगितलं, टाकीपासून. कल्लाप्पा तिला मधे-मधे मराठीत सांगत होता, ती पुढं सांगत होती. भगवंतराव खिडकीकडं तोंड करून उभे राहिले. शेवटी परीक्षकांनी ट्रेमधून मनगटाची दोन सुटी हाडं उचलली, भगवंतरावांच्या समोर धरली आणि हळू आवाजात, यांतलं उजव्या हाताचं कुठलं, असं काहीतरी विचारलं. भगवंतरावांनी ती घेतली. उलटसुलट केली. बराच वेळ बघितली. एक पुढं केलं. परीक्षकांनी नाही म्हणून मान हलवली आणि दुसरं हाड दाखवलं.

वसुमती पास झाली. कल्लाप्पाच्या हाताचा एक्स-रे फोटो निघाला, त्यात तो मेलेला तुकडा स्पष्ट दिसला, आता करण्यासारखं काही नाही असं ठरलं. चौकशी बसली. कॉलेजच्या मालमत्तेची मोडतोड केली म्हणून कल्लाप्पाला विभागातून काढून जोडलेल्या रुग्णालयात चादरी मोजायला बसवलं. भगवंतरावांचं त्या वर्षी प्रोफेसर व्हायचं ठरलं होतं, ते पुढं ढकललं गेलं.

पावसाळ्याच्या आधी भगवंतराव यशवंतपूरला आले. स्टेशनमागच्या त्या खोलीच्या दारात उभे राहिले. विठाबाईनं चटई टाकली, ते बसले नाहीत. त्यांच्या हातात टाइप केलेला कागद होता. पडल्यावर आपण हात कधी डॉक्टरांना दाखवलाच नव्हता, असं त्यात लिहिलेलं. अंगठा उठवलास तर परत विभागात घेतो, असं त्यांचं म्हणणं होतं.

"तेव्हा फोटो काढला असता तरी दिसलं नसतं," ते म्हणाले. "पहिल्या दिवशी ते कधीकधी दिसतच नाही. पुस्तकात लिहिलंय."

"पंधरा दिवसांनी दिसलं असतं," कल्लाप्पा म्हणाला. "ते बी पुस्तकात हाय."

"माझं वय झालं रे. नोकरीची तीन वर्षं उरलीत."

"मला माहिती हाय किती उरलीत ते."

त्यानं अंगठा उठवला नाही. मराठीत त्या दोघांचं एवढं सलग बोलणं पहिल्यांदाच झालं होतं. भगवंतराव गेल्यावर विठाबाई म्हणाली, की परत हाडांत काम मिळालं असतं, तुमचा जीव होता त्यात. कल्लाप्पा म्हणाला, होता.

भगवंतराव १९६४ साली निवृत्त झाले, प्रोफेसर न होताच. इथं दुसरा एखादा थांबला असता. कल्लाप्पा थांबला नाही. दर रविवारी सकाळी तो भाजीची पिशवी घेऊन यशवंतपूरहून मल्लेश्वरमला चालत जायचा. भगवंतराव फिरायला निघायच्या वेळी त्यांच्या फाटकासमोर उभा राहायचा आणि उजवा हात कपाळाशी नेऊन नमस्कार करायचा. दुसरं काही नाही. त्यांनी फिरायची वेळ बदलली. त्यानं नवी वेळ शोधून काढली. मग त्यांनी रविवारी बाहेर पडणं सोडलं, तर तो गुरुवारी गेला. तीन वर्षं हे चाललं. पुढं एकदा फाटकाला कुलूप दिसलं. शेजारच्यांनी सांगितलं, की डॉक्टरांची तब्येत बिघडली, मुलानं म्हैसूरला नेलं. कल्लाप्पानं त्यांच्याकडून पत्ता लिहून घेतला.

१९६७ च्या डिसेंबरात सुट्टी काढून तो म्हैसूरला गेला. सुनेनं दार उघडलं, बंगळूरच्या कॉलेजातला जुना माणूस म्हटल्यावर आत घेतलं. भगवंतराव खिडकीशी शाल घेऊन बसले होते. त्यांना आता माणसं ओळखू येत नव्हती. कल्लाप्पानं नमस्कार केला. त्यांनी शेजारच्या खुर्चीकडं हात केला, बस म्हणाले. त्यांच्या शेजारी तो पहिल्यांदाच बसत होता.

कल्लाप्पानं नाव सांगितलं. कळलं नाही. मग हात पुढं केला आणि इथं दुखतं म्हणाला. तेवढ्यानं म्हाताऱ्याचे डोळे बदलले. त्यांनी त्याचं मनगट दोन्ही हातांत घेतलं, अंगठ्याच्या बुडाशी बोट नेलं आणि बरोबर खळगीत दाबलं.

"पडला होतास? हात टेकून?"

"व्हय."

"मग हे मोडलेलं होतं. तेव्हाच बांधायला हवं होतं. कुणी बघितला होता हात?"

"मुरगळलंय म्हणाला."

"गाढव असेल कोणीतरी," भगवंतराव म्हणाले, आणि मनगट हातात धरून बसले.

कल्लाप्पानं त्यांना सांगितलं, ते तुम्हीच. दोनदा सांगितलं. ते हसले आणि मान हलवत राहिले. मी असतो तर बोट लावून बघितलं असतं, म्हणाले. सून चहा घेऊन आली तेव्हा कल्लाप्पा उठून उभा होता. चहा न घेताच तो निघाला.

घरी आल्यावर त्यानं हे सगळं विठाबाईला सांगितलं. ती म्हणाली, झालं ना आता, त्याच्याच तोंडून आलं, आता तरी सोडा.

"त्याला कुठं माहीत हुतं कुणाला म्हणतोय ते," कल्लाप्पा म्हणाला. "माहीत असताना म्हणाला असता तर सोडलं असतं."

भगवंतराव पुढच्या वर्षी गेले. बातमी रुग्णालयात कळली. बाकीच्यांनी काम थांबवलं आणि शोकसभेला गेले. कल्लाप्पा चादरींच्या खोलीत बसून राहिला. कुणीतरी बोलवायला आलं, तर त्यानं सांगितलं, की आज चादरी जास्त आल्यात.